२०० लिटर द्रावणातले तांबे आणि लोखंडाचा जमाखर्च

हिरव्या मॅलाकाइटच्या धातुकावर सौम्य गंधकाम्ल फिरवून काढलेले २०० लिटर निळे द्रावण प्लास्टिकच्या पिंपात आहे. त्यातले तांबे भुकटीच्या रूपात काढायचे आहे आणि हाताशी लेथवरची लोखंडी टर्निंग, म्हणजे कातताना निघालेला कीस, आहे. समीकरण शाळेत शिकवतात तेच: लोखंड विरघळते, तांबे बाहेर पडते. त्या समीकरणाने जेवढे लोखंड लागते त्याहून थोडे जास्त टाकले, पिंप रात्रभर तसेच ठेवले. सकाळी पाहिले तर जवळपास निम्मे तांबे द्रावणातच होते आणि लोखंड मात्र संपत आले होते. असे का होते आणि पुढच्या पिंपाला काय बदलायचे, हे इथे आकड्यांनिशी मांडले आहे. हिशेब स्वच्छ दिसावा म्हणून आकडे गोल केले आहेत.

सुरुवातीचे द्रावण असे: तांबे लिटरला ६ ग्रॅम, फेरिक लोह (तीन धन प्रभारांचे) २ ग्रॅम, फेरस लोह (दोन धन प्रभारांचे) १ ग्रॅम, मोकळे गंधकाम्ल ५ ग्रॅम, सामू (pH) १.४ च्या आसपास. म्हणजे पिंपात एकूण तांबे १२०० ग्रॅम, फेरिक ४०० ग्रॅम, फेरस २०० ग्रॅम आणि आम्ल १ किलो.

लोखंडाचा अणुभार ५५.८५, तांब्याचा ६३.५५. एका अणूला एक अणू, म्हणून १ ग्रॅम तांब्यामागे ०.८८ ग्रॅम लोखंड. १२०० ग्रॅम तांब्याला १०५५ ग्रॅम पुरायला हवे. प्रत्यक्षात १.१ किलो टाकले होते.

सकाळची तपासणी: तांबे लिटरला २.८ ग्रॅम, फेरिक जवळजवळ शून्य, एकूण लोह ८ ग्रॅम, मोकळे आम्ल २.९ ग्रॅम. जाळीत उरलेली टर्निंग तांबूस, पोकळ टरफलांसारखी झालेली. पातळ तुकडे बोटांनी चुरडले तर आत काहीच नाही. जाड तुकडे मोडले तर आत करडा गाभा, सगळा मिळून १०० ग्रॅमच्या आसपास.

लोखंड कुठे गेले

द्रावणातले लोह लिटरला ३ ग्रॅमवरून ८ वर गेले, म्हणजे १ किलो लोखंड विरघळले. हा आकडा सगळ्यात भरवशाचा, कारण विरघळलेले लोखंड कुठल्याही वाटेने गेले तरी शेवटी द्रावणातच सापडते. बाहेर पडलेले तांबे ६४० ग्रॅम, त्याला लागले ५६३ ग्रॅम. उरलेल्या ४३७ ग्रॅमचा माग काढायचा.

पहिला वाटेकरी फेरिक. दोन फेरिक आयन आणि एक लोखंडाचा अणू मिळून तीन फेरस आयन होतात. वजनात पाहिले तर १ ग्रॅम फेरिकमागे अर्धा ग्रॅम लोखंड, म्हणून ४०० ग्रॅमला २०० ग्रॅम. ही अभिक्रिया टाळता येत नाही. तांब्यापेक्षा फेरिकलाच इलेक्ट्रॉन घेण्याची ओढ जास्त आहे: फेरिक-फेरस जोडीचे प्रमाण विभव +०.७७ व्होल्ट, तांब्याचे +०.३४, लोखंडाचे −०.४४. उलट नुकतेच बसलेले तांबेही फेरिक परत विरघळवते. छापील सर्किटची पाटी फेरिक क्लोराइडमध्ये कोरतात ती याच गुणावर. लोखंड शिल्लक असेपर्यंत ते तांबे पुन्हा बाहेर येते, पण तेच काम दुसऱ्यांदा करावे लागते आणि वेळ जातो.

दुसरा वाटेकरी आम्ल. लोखंड आणि हायड्रोजन आयन यांच्यातून हायड्रोजन वायू सुटतो. १ ग्रॅम गंधकाम्ल ०.५७ ग्रॅम लोखंड खाते. आम्ल ५ वरून २.९ वर आले, म्हणजे पिंपातले सुमारे ४२० ग्रॅम आम्ल खपले आणि त्याबरोबर २३७ ग्रॅम लोखंड गेले. यातला काही भाग हवेतल्या ऑक्सिजनच्या खात्यावरही जातो. उघड्या पिंपात ऑक्सिजन थोडे तांबे आणि थोडे फेरस परत ऑक्सिडीभूत करतो, त्यातही आम्लच खर्ची पडते. या दोन वाटा वेगळ्या मोजता येत नाहीत, आणि हिशेबाला त्याने फरकही पडत नाही.

५६३, २०० आणि २३७ मिळून १००० ग्रॅम. जमाखर्च जुळला. एक किलो तांब्यामागे १.५६ किलो लोखंड गेले आणि तरीही ५३ टक्केच तांबे हाती आले.

इथे एक गैरसमज आधी बाजूला करू. असा निकाल लागला की ‘अभिक्रिया समतोलाला आली असेल’ असे म्हटले जाते. तसे नसते. तांबे आणि लोखंड यांच्या विभवांत ०.७८ व्होल्टचे अंतर आहे. त्यावरून काढलेला समतोल स्थिरांक १०च्या २६व्या घाताच्या पातळीचा येतो. लोखंड शिल्लक आहे आणि ते द्रावणाला भिडते आहे तोवर तांबे मोजता न येण्याइतके खाली जाऊ शकते. काम अडते ते दोनच कारणांनी: लोखंड संपते, किंवा असलेले लोखंड झाकले जाते.

झाकले जाण्याचाही हिशेब करून पाहावा. अर्ध्या मिलिमीटर जाडीच्या टर्निंगला किलोमागे साधारण अर्धा चौरस मीटर पृष्ठभाग मिळतो. दहा मिलिमीटर जाडीच्या पट्टीला त्याच्या विसावा हिस्सा. म्हणूनच भंगारातले जाड तुकडे या कामाला जवळपास निरुपयोगी. टर्निंगवरसुद्धा ६४० ग्रॅम तांबे घट्ट थरासारखे बसले असे धरले, तर सुमारे ०.१३ मिलिमीटर जाडी होते. प्रत्यक्षात तो थर सच्छिद्र असतो, म्हणून कितीतरी जाड. आत शिरणाऱ्या तांब्याच्या आयनांना आणि बाहेर येणाऱ्या लोहाला त्या छिद्रांतूनच वाट काढावी लागते. न ढवळता ठेवलेल्या पिंपात तांब्याचा हा कोट अंगावरून झडत नाही. करडा गाभा आत अडकून राहिला तो यामुळेच. तेलकट टर्निंग असेल तर हा त्रास वाढतो, कारण तेल असलेल्या जागी अभिक्रिया होतच नाही आणि बाकीच्या जागी थर आणखी दाट बसतो.

आम्लाचा खर्च कुठे करायचा

सोपा उपाय म्हणजे जास्त लोखंड टाकणे. सगळे तांबे, सगळे फेरिक आणि सगळे आम्ल धरून गरज येते १०५५ + २०० + ५७० = १८२५ ग्रॅम. दोन-सव्वादोन किलो टर्निंग टाकली आणि ढवळत राहिले तर तांबे नक्की निघेल. पण १ किलो गंधकाम्ल फुकट जाईल. शिवाय ५७० ग्रॅम लोखंडातून निघणारा हायड्रोजन साधारण तापमानाला २५० लिटर भरतो, तो वेगळाच. हवेत ४ टक्के हायड्रोजन झाला की ठिणगीने पेट घेतो. झाकण बंद पिंप आणि शेजारी चालू ग्राइंडर, असे कधीही असू नये.

दुसरा उपाय सुचतो तो चुना किंवा सोडा टाकून आम्ल मारण्याचा. चुन्याने जिप्सम पडते आणि ते तांब्याच्या भुकटीत मिसळते. सोड्याने जिप्सम पडत नाही, पण सोडा टाकताना पडेल त्या जागी सामू क्षणभर वर जातो आणि फेरिक हायड्रॉक्साइडचा तपकिरी साका धरतो. तो टर्निंगवर बसला की थर आणखी बंद होतो.

खरे उत्तर धातुकाकडेच आहे. मॅलाकाइट म्हणजे तांब्याचा आम्लारिधर्मी कार्बोनेट; एका रेणू गंधकाम्लामागे तो तांब्याचा एक अणू सोडतो. लोखंडही एका रेणू आम्लामागे एक अणू खर्च होते. म्हणजे आम्लाचा प्रत्येक रेणू शेवटी लोखंडाचा एक अणू घेणारच आहे. फरक इतकाच, की एका वाटेने बदल्यात हायड्रोजन मिळतो आणि दुसऱ्या वाटेने तांबे.

आकड्यांत सांगायचे तर, द्रावण आधी ताज्या धातुकावर फिरवून आम्ल लिटरला ५ वरून १ ग्रॅमवर आणले, तर ८०० ग्रॅम आम्ल खपते आणि जास्तीत जास्त ५१८ ग्रॅम तांबे आणखी विरघळते. पिंपात आता तांबे १७१८ ग्रॅम, लिटरला ८.६. लोखंडाची गरज: तांब्याला १५१० ग्रॅम, फेरिकला २००, उरलेल्या आम्लाला फार तर ११४. एकूण १८२४ ग्रॅम. लोखंड तेवढेच, तांबे मात्र १२०० ऐवजी १७१८. वरच्या सोप्या उपायातले किलोमागे १.५२ किलोचे प्रमाण १.०६ वर येते.

यात एक अट आहे. धातुकासोबतच्या दगडात चुनखडी असेल, तर आम्ल आधी तिच्यावर जाते, तांबे वाढत नाही आणि जिप्सम थरांत अडकून द्रावण पाझरणे बंद होते. म्हणून धातुकाच्या मूठभर चुऱ्यावर सौम्य आम्लाचे थेंब टाकून पाहावे. मॅलाकाइटही फसफसतो, पण थेंब निळसर होत जातो. पांढऱ्या दगडावर जोरात फसफस होऊन थेंब रंगहीन राहिला तर ती चुनखडी. दोन टक्के तांब्याच्या धातुकातून ५१८ ग्रॅम यायला किमान २६ किलो लागतो. तांबे पूर्ण कधीच सुटत नाही, म्हणून ४० किलोच्या आसपास, ५ मिलिमीटरखाली फोडलेला धातुक नळकांड्यात भरून द्रावण वरून हळू सोडावे आणि सामू २ च्या जवळ आला की थांबावे. २.५ च्या वर नेऊ नये; तिथून फेरिक साका धरायला लागतो. सकाळी उरलेले २.८ ग्रॅमवाले पिंपही याच वाटेने न्यायचे, त्यात फेरिक उरलेले नसल्याने ते आणखी सरळ जाते.

मोकळ्या आम्लाचे मोजमाप करताना एक चूक सर्रास होते. नमुना थेट कॉस्टिक सोड्याने अनुमापित केला, म्हणजे आम्ल मरेपर्यंत सोडा मोजून घातला, की फेरिक आणि तांबेही हायड्रॉक्साइड होताना सोडा खातात आणि आम्ल आहे त्याहून बरेच जास्त दिसते. आधी ऑक्झलेट किंवा फ्लोराइडने लोह बांधून घ्यावे. तेही जमत नसेल तर सामूमापकावर भिस्त ठेवावी.

पुढचे पिंप

लोखंड घालण्याआधी आर्सेनिकची तपासणी. हे सगळ्यात वरचे. धातुकात आर्सेनिक असेल आणि ते द्रावणात उतरले असेल, तर लोखंड आणि आम्ल मिळून आर्सिन वायू तयार होतो. तो रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतो, आणि कामाच्या जागी ०.०५ पीपीएम (हवेच्या दशलक्ष भागांत ०.०५ भाग) ही त्याची मर्यादा मानतात. लसणासारखा वास येईपर्यंत ही मर्यादा ओलांडलेली असते, म्हणून नाकावर विसंबू नये. आर्सेनिक सापडले तर हे काम उघड्या पिंपात करायचेच नाही.

टर्निंग साध्या कार्बन पोलादाची घ्यावी. स्टेनलेस या द्रावणात निष्क्रिय राहते. बीडाने तांबे निघते, पण त्यातला ग्रॅफाइट भुकटीत काळा उरतो. जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा चालतो, फक्त जस्त सांडपाण्यात उतरते आणि पुढची प्रक्रिया अवघड होते. धुण्याच्या सोड्याच्या ५ टक्के गरम द्रावणात अर्धा तास ठेवून तेल काढावे, स्वच्छ पाण्याने विसळावे आणि लगेच वापरावे. विसळून ओली ठेवली तर तासाभरात गंज चढतो. गंज आम्लात विरघळून फेरिक होतो, म्हणजे पुन्हा लोखंडाचाच खर्च.

२.२ किलो टर्निंग, गरजेपेक्षा वीस टक्के जास्त. ती छिद्रे पाडलेल्या प्लास्टिकच्या बादलीत सैल भरायची, छिद्रे ५-६ मिलिमीटरची. बादली पिंपात टांगायची, तळाशी तिच्याखाली वीतभर जागा मोकळी. तांब्याची भुकटी त्या जागेत पडते आणि लोखंड वर राहते; शेवटी दोन्ही वेगळे करायचा अर्धा त्रास इथेच वाचतो. ढवळायला हळू फिरणारे प्लास्टिकचे पाते. हवेचे बुडबुडे सोडून ढवळू नये. काम सोपे वाटते, पण ऑक्सिजन सतत आत जातो आणि फेरसचे फेरिक व तांब्याचे पुन्हा द्रावण करत राहतो. दर दहा मिनिटांनी बादली वरखाली हिसडायची. तिथे लाल-तपकिरी पिसांसारखा थर अंगावरून सुटताना दिसतो आणि आतले करडे लोखंड पुन्हा उघडे पडते.

वेगाबद्दल. ही अभिक्रिया लोखंडाच्या पृष्ठभागापर्यंत तांबे किती लवकर पोहोचते यावर चालते, म्हणून द्रावण जितके पातळ होत जाते तितकी ती मंदावते. सारख्या काळात तांबे दर वेळी निम्मे होते. ८.६ वरून ०.०५ ग्रॅमपर्यंत यायला साडेसातच्या जवळपास निम्मेपणे लागतात. पहिले निम्मे व्हायला १२ मिनिटे लागली तर सगळे काम दीड तासात आटोपायला हवे. सुरुवातीची पाच-दहा मिनिटे फेरिकही लोखंडावर येत असते, तेव्हा तांबे अपेक्षेपेक्षा हळू उतरते. त्याने बिचकू नये. मात्र तासाभरानंतर निम्मे होण्याचा काळ लांबत गेला तर पृष्ठभाग बंद होतो आहे असे समजावे आणि आधी बादली हिसडावी, नवे लोखंड नंतर. तापमान वाढवून थोडा फायदा होतो, पण आम्लाची वाटही त्याने वेगवान होते. खोलीच्या तापमानावर ढवळणे नीट असेल तर तापवायची गरज पडत नाही.

शेवट ओळखायला रंगावर जाऊ नये. फेरसचा फिकट हिरवा आणि उरलेल्या तांब्याचा निळसर रंग एकमेकांत मिसळतात. गाळलेल्या नमुन्यात पॉलिशपेपरने घासलेला खिळा पाच मिनिटे बुडवावा. गुलाबी झाक आली तर काम बाकी आहे. पक्की खात्री हवी असेल तर १० मिलिलिटर गाळलेल्या नमुन्यात हायड्रोजन पेरॉक्साइडचे काही थेंब घालून फेरसचे फेरिक करावे, भरपूर अमोनिया घालावा, तपकिरी साका गाळून टाकावा आणि गाळलेले पाणी उंच नळीत भरून पांढऱ्या कागदावर वरून पाहावे. शेजारी लिटरला ५० मिलिग्रॅम तांब्याचे, असेच अमोनिया घातलेले द्रावण ठेवावे. रंग त्याहून फिका झाला की थांबायचे.

थांबायचे म्हणजे खरोखर लगेच थांबायचे. बादली उचलून तिथेच झटकून काढावी, अर्धा तास निवळू द्यावे आणि वरचे पाणी ओतून घ्यावे. रात्रभर तसेच ठेवले तर हवेने तांबे परत विरघळायला लागते.

भुकटी धुणे

पहिले पाणी साधे नको. भुकटीत अडकलेले फेरस साध्या पाण्यात आणि हवेत पटकन तपकिरी हायड्रॉक्साइड होते आणि ते तांब्याला चिकटले की निघत नाही. लिटरला अर्धा मिलिलिटर संहत गंधकाम्ल घातलेल्या पाण्याने, म्हणजे सामू २ च्या आसपास, दोनदा धुवावे. मग साध्या पाण्याने. आम्ल पाण्यात ओतायचे, पाणी आम्लात नाही. बादलीच्या छिद्रांतून आलेले लोखंडाचे कण चुंबकाने उचलावेत. बारीक कणांसाठी भुकटी ५ टक्के गंधकाम्लात बुडबुडे थांबेपर्यंत ठेवावी, फार तर अर्धा तास.

वाळवताना पातळ पसरून ६० अंशांखाली. ओल्या भुकटीचा ढीग हवेत काळपट पडत जातो, कारण इतक्या बारीक तांब्याला ऑक्सिजन भरपूर भिडतो. १.७ किलो तांबे या पिंपातून यायला हवे. लोखंडावर असे बसवून काढलेल्या तांब्याला सिमेंट तांबे म्हणतात; ते बहुधा ७० ते ९० टक्के शुद्ध असते. ८५ टक्के धरले तर कोरडे वजन २ किलो. वजन त्याहून बरेच जास्त भरले तर आनंद मानू नये, त्यात हायड्रॉक्साइड किंवा लोखंड आहे. वितळवायची असेल तर पूर्ण कोरडी करून, टाकणखाराबरोबर. तांबे १०८५ अंशांना वितळते. तापलेल्या मुशीत ओली भुकटी पडली तर वाफेने धातू उसळून बाहेर येतो.

उरलेले हिरवे पाणी

पिंपात आता लिटरला १२ ग्रॅमच्या आसपास लोह आहे, म्हणजे पातळ हिराकस (फेरस सल्फेट). हे गटारात सोडायचे नाही. त्यात उरलेले लिटरला ५० मिलिग्रॅम तांबेसुद्धा माशांना घातक ठरण्याइतके आहे. चुन्याने सामू ८.५ ते ९ वर नेऊन हवा सोडली की लोह आणि उरलेले तांबे एकत्र खाली बसतात. २.४ किलो लोहाला विरलेला चुना ३.२ किलो लागतो, आणि कोरडे धरले तरी साडेसात किलो जिप्सम तयार होते. त्यावर हायड्रॉक्साइडचा साका वेगळा. दोन किलो भुकटीमागे एवढा गाळ सांभाळावा लागतो, हे काम सुरू करण्याआधीच मोजून ठेवले पाहिजे.

मोठ्या ढिगांवर हेच पाणी परत धातुकावर सोडतात. तिथले जिवाणू फेरसचे फेरिक करतात आणि ते फेरिक सल्फाइड धातुकातले तांबे सोडवते. पण दर फेरीला लोह वाढत जाते आणि काही पाणी बाहेर काढावेच लागते. स्पेनमध्ये रिओ टिंटोला आणि वेल्समध्ये पॅरिस पर्वतावर भंगार लोखंडाने तांबे काढण्याची पद्धत दीर्घकाळ चालली; चीनमध्ये ती सुंग राजवटीत मोठ्या प्रमाणावर होती. १९६८ साली अ‍ॅरिझोनातल्या ब्लूबर्ड खाणीत द्रावक निष्कर्षण (द्रावकाने द्रावणातले तांबे ओढून घेणे) आणि विद्युत निक्षेपण (विजेने ते धातूच्या रूपात बसवणे) ही जोडी व्यापारी पातळीवर सुरू झाली, आणि मोठ्या खाणींमधून लोखंड हळूहळू बाहेर पडले. त्या पद्धतीत तांबे काढताना आम्ल परत तयार होते आणि द्रावणात लोखंडाची भर पडत नाही. लहान प्रमाणावर, वीज आणि द्रावके नसताना, लोखंडाला अजून पर्याय नाही. तिथे धातुकावर आम्ल जितके पूर्ण खपवता येईल तितका चुना, तितका गाळ आणि तितके लोखंड दर किलो तांब्यामागे कमी लागते.